कॅथलिक पॅरिशमध्ये पहिला कोरल इव्हनसाँग बसवताना

रविवारची मिस्सा आटोपलेली असते, हॉलमध्ये चहाबिस्किटं चाललेली असतात आणि कॉयरमास्टर सहज विचारतो, "दोन महिन्यांनी इव्हनसाँग करतोय आपण, येशील ना?" वसई-मुंबईहून इंग्लंडला आलेला आपला माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन नवऱ्याला किंवा बायकोला विचारतो, "अगं, हे तर अँग्लिकन लोकांचं ना? आपल्या देवळात कसं काय?"

मीही तेच विचारलं होतं. इव्हनसाँग म्हणजे कॉयरने, म्हणजे गायकवृंदाने, गायची सायंप्रार्थना, आणि अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची मंडळी. वसईत मराठी मिस्सा गात वाढलेली मी, आता लंडनजवळच्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. आमच्या पहिल्या इव्हनसाँगची तयारी बऱ्यापैकी उलट्या टोकाने झाली. सगळा वेळ मॅग्निफिकॅट या अवघड गीतावर घालवला आणि बायबलमधली स्तोत्रं शेवटच्या दिवशी 'होतील हो' म्हणत उरकली. झाली नाहीत. पंधरा जण पंधरा वेगांनी धावले. म्हणून हा लेख, आणि म्हणून त्यात स्तोत्रांवर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी हे आलं कुठून

मठांमध्ये दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना प्रार्थना व्हायच्या. संध्याकाळची व्हेस्पर्स, झोपण्यापूर्वीची कॉम्प्लिन. १५४९ साली कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅनमर याने इंग्रजीत पहिलं सार्वजनिक प्रार्थनापुस्तक काढलं तेव्हा या दोन प्रार्थना एकत्र विणून एकच सायंप्रार्थना केली. इव्हनसाँगमध्ये दोन गीतं का असतात, याचं उत्तर इथे आहे. मरियेचं गीत, मॅग्निफिकॅट, व्हेस्पर्समधून आलं. म्हाताऱ्या शिमोनाचं 'आता तुझ्या सेवकाला शांतीने जाऊ दे', नंक डिमिटिस, कॉम्प्लिनमधून आलं. म्हणजे कापड कॅथलिकच, शिलाई इंग्रजी.

संगीताचीही तीच गत. संगीतकार विल्यम बर्ड राणी एलिझाबेथच्या चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे दरबारी कॉयरमध्ये, गायचा, अँग्लिकन उपासनेसाठी भव्य रचना करायचा, आणि स्वतः मात्र कट्टर कॅथलिक होता. अँग्लिकन चर्चला जात नाही म्हणून त्याच्या घरावर दंड बसत. त्याच काळातला दुसरा एक इंग्रज कॅथलिक देश सोडून १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला आणि पुढे मराठीत ओव्या रचू लागला. फादर स्टीफन्स. त्याचा जन्मही १५४९च्या सुमाराचाच. हा योगायोग मला उगाचच आवडतो.

अलीकडचा भाग थोडक्यात. १९८०पासून अमेरिकेत काही अँग्लिकन धर्मगुरू आणि त्यांची मंडळी आपला उपासनेचा ठेवा घेऊन कॅथलिक चर्चमध्ये येऊ लागली. ४ नोव्हेंबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 'अँग्लिकानोरम चेतिबुस' हे फर्मान काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र घडी बसवून दिली. तिला ऑर्डिनरिएट म्हणतात. इंग्लंडचा ऑर्डिनरिएट जानेवारी २०११ मध्ये, अमेरिका-कॅनडाचा १ जानेवारी २०१२ रोजी, ऑस्ट्रेलियाचा त्याच वर्षी जूनमध्ये उभा राहिला. लंडनमध्ये सोहोतलं वॉरिक स्ट्रीटचं देऊळ २०१३ पासून त्यांच्याकडे आहे. कॅथलिक उपासनेवर बंदी होती तेव्हा तिथे पोर्तुगीज वकिलातीचं आणि मग बव्हेरियन वकिलातीचं चॅपल होतं. अमेरिकेतलं मुख्य मंदिर ह्यूस्टनला आहे. तुम्ही आसपास राहत असाल तर काहीही बसवण्यापूर्वी एकदा जाऊन बसा आणि नुसतं ऐका. गाऊ नका.

पहिली पायरी: फादरना नेमकं काय विचारायचं

'इव्हनसाँग करू का?' असा मोघम प्रश्न विचारलात तर उत्तरही मोघमच मिळेल. तुमची पॅरिश कुठल्या प्रकारची आहे ते आधी पाहा.

पॅरिश ऑर्डिनरिएटची असेल तर प्रश्नच नाही. त्यांच्याकडे 'डिव्हाइन वर्शिप'ची दैनंदिन प्रार्थनेची मान्यताप्राप्त पुस्तकं आहेत, उत्तर अमेरिकेसाठी २०२० ची आणि राष्ट्रकुल देशांसाठी २०२१ ची. त्यात जे छापलंय तेच म्हणायचं. मिस्सेचं पुस्तक वेगळं, ते २०१५ च्या आगमनकाळापासून वापरात आहे.

पॅरिश साधी, म्हणजे धर्मप्रांताची असेल तर दोन वाटा आहेत. जवळच्या ऑर्डिनरिएटच्या फादरना आणि त्यांच्या मंडळींना पाहुणे म्हणून बोलवा, त्यांनी त्यांच्या पुस्तकाप्रमाणे प्रार्थना चालवावी, तुमच्या कॉयरने गावं. आम्ही हेच केलं. दुसरी वाट म्हणजे नेहमीची रोमन व्हेस्पर्स ठेवायची आणि तिला अँग्लिकन संगीताचा साज चढवायचा. यात एक खड्डा आहे, लोक नेमके त्यात पडतात. रोमन व्हेस्पर्समध्ये मॅग्निफिकॅट आहे, नंक डिमिटिस नाही. अँग्लिकन संगीतकारांनी मात्र दोन्ही जोडीने रचली आहेत. मग जोडीतलं दुसरं गीत वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी ते मध्येच कुठेतरी खुपसतं. तसं करू नका. प्रार्थना संपल्यावर, बाहेर पडण्यापूर्वी, ते वेगळं गीत म्हणून गा.

फादर कां-कू करू लागले तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाच्या शंभराव्या कलमात म्हटलंय की रविवारी आणि मोठ्या सणांना मुख्य प्रहरप्रार्थना, विशेषतः व्हेस्पर्स, देवळात सर्वांनी मिळून व्हाव्यात याकडे धर्मगुरूंनी लक्ष द्यावं. आणि १३ मार्च २०१७ रोजी रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकातच अँग्लिकन इव्हनसाँग झाला, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचा कॉयर गायला. तिथे चालतं तर आपल्या देवळात चालायला हरकत नसावी, असं हसत हसत म्हणा. वाद घालू नका.

आणखी एक, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. इव्हनसाँग ही मिस्सा नाही. तिला आल्याने रविवारची मिस्सा चुकवायला परवानगी मिळत नाही. ऑर्डिनरिएटच्या मिस्सेला मात्र कुठलाही कॅथलिक जाऊ शकतो, ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतो आणि त्याने रविवारचं कर्तव्यही पुरं होतं.

दुसरी पायरी: क्रम कागदावर उतरवा

एका तासाच्या आत सगळं बसतं. आरंभी वचन आणि पश्चात्तापाची प्रार्थना. मग फादर सुरात म्हणतात, 'हे प्रभो, आमचे ओठ उघड', कॉयर उत्तर देतो. मग स्तोत्रं. जुन्या करारातला पाठ. मॅग्निफिकॅट. नव्या करारातला पाठ. नंक डिमिटिस. प्रेषितांचा विश्वासांगिकार, प्रभूची प्रार्थना, पुन्हा छोटी वचनं आणि उत्तरं, तीन ठरलेल्या प्रार्थना. त्यानंतर कॉयरचं मोठं गीत, अँथम. शेवटी भजन आणि आशीर्वाद. ऑर्डिनरिएटच्या पॅरिशांत पुढे बऱ्याचदा पवित्र साक्रामेंताचा आशीर्वादही जोडतात. आपल्याकडच्यांना तिथे आल्यावर घरी आल्यासारखं वाटतं. 'तांतुम एर्गो' हे लॅटिन गीत सुरू झालं की मागच्या बाकावरचे केरळी काकाही मोकळ्या गळ्याने गातात. म्हणून तेवढं तरी साध्या चालीत ठेवा, चार आवाजांत नको.

तिसरी पायरी: संगीत निवडताना पोटाएवढंच वाढून घ्या

तुमच्याकडे किती टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज गाणारे, आहेत? खरं सांगा. दोन असतील आणि त्यातला एक क्रिकेटच्या मोसमात गायब होत असेल, तर तुमच्याकडे एक टेनर आहे.

मॅग्निफिकॅट आणि नंक डिमिटिस यांच्या एका जोडरचनेला 'सर्व्हिस' म्हणतात. त्यातलं हर्बर्ट हॉवेल्सचं 'कॉलेजियम रेगाले' प्रत्येकाला गायचं असतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी १९४५ मध्ये लिहिलेलं, ऐकताना अंगावर काटा येतो. पण ते पहिल्या वर्षी नको. आठ-दहा जणांच्या कॉयरने टॉमस टॅलिसच्या डोरियन सुरातल्या शॉर्ट सर्व्हिसने सुरुवात करावी. चार आवाज, बहुतेक जागी सगळे एकाच वेळी शब्द उच्चारतात, ऑर्गनशिवायही चालतं. ऑर्लँडो गिबन्सची शॉर्ट सर्व्हिस त्यापुढची पायरी. ऑर्गनिस्ट चांगला असेल तर चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्डची १८७९ ची बी फ्लॅटमधली सर्व्हिस घ्या. भक्कम, सुरेल, आणि लोकांना पहिल्याच ऐकण्यात आवडणारी. नुसते वरचे आवाज असतील तर जॉर्ज डायसनची सी मायनर पाहा. काहीच जमणार नसेल तर दोन्ही गीतं साध्या प्लेनसाँगच्या, म्हणजे सगळ्यांनी एकाच आवाजात गायच्या जुन्या चालीच्या, सुरात गा. त्यात कमीपणा नाही.

अँथमसाठी टॅलिसचं 'इफ यी लव्ह मी' किंवा रिचर्ड फॅरंटचं 'हाइड नॉट दाऊ दाय फेस'. दोन्ही छोटी. कॅथलिक पॅरिशसाठी बर्डचं 'आवे वेरुम कॉर्पुस' फार शोभतं. ते त्याने कॅथलिक उपासनेसाठीच लिहिलं, १६०५ मध्ये छापलं, आणि आता अँग्लिकन कॅथेड्रलांमध्येही ते सर्रास गातात. शेवटी मरियामातेचं त्या-त्या ऋतूचं गीत जोडा. पुनरुत्थानाच्या काळात 'रेजिना चेली', पेंटेकॉस्टनंतर 'साल्वे रेजिना'.

प्रतींचं काय? टॅलिस, बर्ड, गिबन्स, स्टॅनफर्ड यांच्या रचनांवर आता कॉपीराइटचे हक्क नाहीत. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्यांची स्वरलिपी फुकट मिळते. उतरवण्यापूर्वी सूर आणि शब्द एकदा तपासून घ्या, कारण टंकलेखनाच्या चुका असतात. हॉवेल्स १९८३ मध्ये आणि डायसन १९६४ मध्ये गेले. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, तेव्हा त्यांच्या प्रती विकतच घ्याव्या लागतील. एक प्रत आणून पंधरा झेरॉक्स काढायची आपली सवय इथे आवरा.

चौथी पायरी: स्तोत्रं

क्रॅनमरने १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटली. त्यामुळे तारखेला मोठं महत्त्व आहे. २७ तारखेच्या संध्याकाळी १२६ ते १३१ अशी छोटी सहा येतात. चौथ्या संध्याकाळी २२ आणि २३. आणि १५ तारखेच्या संध्याकाळी एकटं ७८ वं येतं, ७३ वचनांचं. पहिला इव्हनसाँग १५ तारखेला ठेवणाऱ्याला मी आधीच हात जोडते. पुस्तकाप्रमाणे निवडीची मुभा असेल तर एक-दोन छोटी घ्या. शब्द माइल्स कव्हरडेलच्या सोळाव्या शतकातल्या भाषांतरातले असतात. जुन्या लॅटिन पुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा आकडा एकाने मागे असतो, त्यात गोंधळू नका.

आता गायचं कसं. अँग्लिकन चँट म्हणजे दहा स्वरसंगतींचा एक छोटा साचा, पहिल्या अर्धात चार, दुसऱ्यात सहा. दुप्पट लांबीचे साचेही असतात. वचन लांब असो की आखूड, ते याच साच्यात बसवायचं. पहिल्या सुरावर हवे तितके शब्द म्हणायचे आणि मग ठरलेल्या जागी पुढे सरकायचं. कुठे सरकायचं ते छापील खुणा सांगतात. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ एका प्रचलित पद्धतीने अशी येते:

द लॉर्ड | इज माय | शेपर्ड : देअरफोर | कॅन आय | लॅक | नथिंग

'द लॉर्ड' पहिल्या सुरावर. 'इज'ला एक, 'माय'ला एक. 'शेपर्ड' चौथ्यावर टेकवायचं. मग विसर्गासारख्या त्या दोन टिंबांपाशी श्वास. 'देअरफोर' नव्या सुरावर, 'कॅन' आणि 'आय' एकेक, 'लॅक' मात्र दोन सुरांवर ताणायचं, 'नथिंग' शेवटच्यावर. मोजून पाहा, दहा भरतात.

इथे सगळे जण एकच चूक करतात. पहिल्या सुरावरचे शब्द भराभरा उरकतात आणि सूर बदलायला लागले की ताल धरून ठोकळे पाडतात. घोडा, घोडा, घोडा आणि मग बैलगाडी. पोथी वाचणारं माणूस आठवा. सूर धरलेला असतो, पण थांबणं, रेटणं, हलकं घेणं सगळं अर्थाच्या मागून येतं. तेच हवं. आमच्या कॉयरमास्टरने शेवटी नोटेशनचे कागद काढून घेतले आणि तीन आठवडे आम्हाला स्तोत्रं नुसती मोठ्याने वाचायला लावली. उभं राहून, एकत्र, एका दमात. कुठला शब्द वजनदार, कुठे 'आणि' गिळायचा, हे एकमेकांच्या तोंडाकडे बघून कळायला लागलं. मग तेच वाचन एका सुरावर. मग साच्यात. मी तेव्हा कंटाळले होते. आता नव्या कॉयरला दुसरी कुठलीच पद्धत सुचवणार नाही.

घरी करून पाहा. एक वचन नेहमीच्या बोलण्यात म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग गाऊन रेकॉर्ड करा. दोन्हींचा वेळ जवळपास सारखा आला पाहिजे. गायलेलं दीडपट लांबलं तर तुम्ही ठोकळे पाडताय.

कॅथेड्रलांत कॉयर दोन बाजूंना समोरासमोर बसतो, देकानी आणि कांटोरिस, आणि वचनं आळीपाळीने गातो. आपल्या पॅरिशांत तशी आसनं नसतात, कॉयर मागच्या माडीवर असतो. माडीवरच दोन गट करा, पण समोरासमोर उभे राहा, सगळ्यांनी वेदीकडे तोंड करून नको. श्वास ऐकू आला की अर्धं काम होतं. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पित्याला, पुत्राला गौरव येतोच. तो पाठ असू दे, तिथे तरी डोळे कागदावरून उचला.

पाचवी पायरी: फादरचा सूर

वचनं-उत्तरं फादर आणि कॉयर यांच्यात असतात. फादर गाणारे असतीलच असं नाही. आमच्याकडे पहिल्या वेळी फादरनी आत्मविश्वासाने एक सूर पकडला, ऑर्गनिस्टने दिलेल्या सुराच्या चांगला तीन पायऱ्या खाली. कॉयरने चार आवाजांत त्याच खोलीतून उत्तर दिलं. खालचे बास आनंदात, वरच्या सोप्रानो पाताळात. उपाय सोपा आहे. ऑर्गनचा सूर ऐकेपर्यंत थांबायचं, हे फादरना आधी नम्रपणे सांगा, आणि त्यांच्यासाठी एक वेगळी तालीम ठेवा, कॉयरसमोर नको. ते नकोच म्हणाले तर कॉयरमधल्या कुणी एकाने ती बाजू घ्यावी, जिथे पुस्तक मुभा देतं तिथे. पहिल्या वर्षी फेरियल, म्हणजे साध्या दिवसांची, उत्तरं घ्या. ती लोकांनाही म्हणता येतात.

सहावी पायरी: सहा आठवडे

दर आठवड्याला दीड तास. पहिला अर्धा तास स्तोत्रं, दर वेळी, अपवाद नाही. उरलेल्या वेळात पहिले दोन आठवडे मॅग्निफिकॅट, मग नंक डिमिटिस, मग अँथम. पाचव्या आठवड्यात सगळं क्रमाने, न थांबता. सहाव्यात देवळातच, ऑर्गनसह, आणि धुपासह. हो, धुपासह. मोठ्या इव्हनसाँगला मॅग्निफिकॅट चालू असताना वेदीला धूप देतात. गीत चारेक मिनिटांचं, वेदी मोठी, फादर निवांत. गौरव संपला आणि धुपाटणं अजून वेदीच्या मागे, असं झालं की सगळे ताटकळतात. ऑर्गनिस्टला दोन मिनिटं वाजवत राहायची तयारी ठेवायला सांगा. धुराने खोकणाऱ्या आल्टोला (म्हणजे मला) खिडकीजवळ उभं करा.

सातवी पायरी: बाकांवरची माणसं

कॅथलिक माणूस देवळात काहीतरी म्हणायला आलेला असतो. इथे कॉयर गातो आणि तो ऐकतो. पहिल्या वेळी तक्रार हीच येते: "आम्ही काय नुसतं बसायचं?" म्हणून दोन भजनं सगळ्यांच्या ओळखीची ठेवा, विश्वासांगिकार आणि प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी म्हणायची. छापील पत्रकात उभं राहा, बसा, गुडघे टेका हे ठळक अक्षरांत लिहा. मॅग्निफिकॅटच्या सुरुवातीला क्रुसाची खूण करायची असते, तेही लिहा. गीतांचे शब्द पूर्ण छापा, इंग्रजीही. सोळाव्या शतकातलं इंग्रजी ऐकून कुणालाच पहिल्या वेळी कळत नाही, इंग्रजांनाही नाही. पत्रकाच्या वर एकच वाक्य असू दे: इथे ऐकणं हीसुद्धा प्रार्थना आहे. आणि टाळ्या नकोत, हे फादरनी सुरुवातीलाच सांगावं. नाहीतर अँथमनंतर हमखास कुणीतरी एक टाळी वाजवतं आणि मग ती बिचारी एकटी पडते.

दिवस निवडताना क्रिकेट, शाळेच्या सुट्ट्या आणि थंडी बघा. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो. मेणबत्त्यांचं दृश्य सुंदर असतं, पण ऑर्गनिस्टची बोटं गारठतात आणि वयस्कर मंडळी घराबाहेर पडत नाहीत. तरीही आम्ही आता सप्टेंबर ते जून, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी करतो. दुसरा रविवार १५ तारखेला कधीच येत नाही. तो १४ च्या पुढे जाऊच शकत नाही. हे आम्हाला कॉयरमधल्या एका गणिताच्या शिक्षिकेने दाखवून दिलं, ७८ वं स्तोत्र एकदा अंगावर घेतल्यावर.